घोडबंदर रोडची शाळा: वर्गाला पाच स्टार, ऑफिसला दोन

मुलाला पहिलीला ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका सीबीएसई शाळेत घातलं. शाळेचं नाव लिहीत नाही. लेकरू तिथेच शिकतंय आणि ऑफिसबद्दल मला बरंच बोलायचंय.

प्रवेशाआधी शाळा दाखवायला नेतात तेव्हा आधी स्विमिंग पूल दाखवतात. पहिली-दुसरीची मुलं त्यात उतरतच नाहीत, हे पैसे भरल्यावर कळतं. स्मार्ट बोर्ड आहे, चालतोही. मुलाची मुलाखत मात्र घेतली नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार ती घेता येतच नाही, तरी कौतुक करते.

पैसे वसूल होतात ते वर्गात. मुलगा नौपाड्याच्या मराठी बालवाडीतून गेलेला, घरीही मराठीच. मिस 'ट्वेंटी थ्री' म्हणाल्या की हा वहीत 32 लिहायचा. नवऱ्याचं म्हणणं, इंग्रजी कच्चं आहे, क्लास लावू. तेवढ्यात मिसचाच फोन आला, घरी आकडे कसे म्हणता? पोरगा मनातल्या मनात 'तेवीस' म्हणत होता. तेवीसमध्ये तीन आधी ऐकू येतात, म्हणून तीन आधी लिहीत होता! मिसनी त्याला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करायला लावले: आधी गठ्ठे मोजायचे, मग सुट्या काड्या. क्लास लावू नका आणि घरी मराठीच बोला, असंही बजावलं. मिस स्वतः मंगळूरच्या. भरगच्च वर्गात एका पोराची गोची कुठे होतेय हे पकडणारी शिक्षिका मिळाली, की बाकीचं पुष्कळ मी चालवून घेते. मराठीचा तासही नीट होतो. 2020 च्या कायद्याने मराठी सगळ्या बोर्डांना सक्तीची आहे, पण इथे तो तास पीटीला देऊन टाकत नाहीत.

ऑफिस म्हणजे वैताग. पावती मागितली की 'ॲपवर बघा', ॲप म्हणतं 'ऑफिसशी संपर्क साधा'. युनिफॉर्म एकाच ठरलेल्या दुकानातून घ्यायचा, त्यातला टी-शर्ट गणपतीपर्यंत विटला. बूट मी गोखले रोडवरून आणले, कोणी हटकलं नाही. 'ॲक्टिव्हिटी चार्जेस' कशाचे, याला आजतागायत उत्तर नाही. म्हणून पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसाठी नाव दिलं. 2011 च्या शुल्क नियमन कायद्यानुसार समितीवरचे पालक इच्छुकांमधून सोडत काढून निवडायचे असतात, आणि पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव शाळेने वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी समितीपुढे ठेवायचा असतो. माझं नाव निघालं नाही. ज्या बाबांचं निघालं, त्यांचं डोकं मी आता नेमाने खाते.

बस ठीक. मावशी चांगल्या आहेत, उशीर होणार असेल तर स्वतः फोन करतात. उशीर होतोच: गायमुख घाटात ट्रक बंद पडला की अख्खा घोडबंदर रोड तुंबतो, त्याला शाळा काय करणार. पण कासारवडवलीच्या पलीकडून मूल पाठवणार असाल, तर ते कितव्या थांब्यावर उतरेल हे प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्या. आम्हाला तोंडी सांगितलेला मार्ग जुलैत बदलला.