विजेच्या गाडीला वेगळं मीटर घ्यावं, की छतावर सोलर बसवावं?

विजेचे दर बदलले की कोल्हापुरात त्याची झळ आधी फौंड्रीवाल्यांना आणि इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांना बसते. घरगुती ग्राहक दोन दिवस कुरकुर करतो आणि बिल भरतो. दारात विजेची गाडी आली की मात्र तो बिलाची मागची बाजूही वाचायला लागतो.

हे लिखाण गाडी घेतलेल्यांसाठी किंवा घ्यायचं पक्कं झालेल्यांसाठी आहे. कुठली गाडी, रेंज किती, बॅटरी किती वर्षं टिकते, यात मी शिरत नाही. गाडी घरी चार्ज करायची, हेही गृहीत धरतो. प्रश्न एवढाच की घरच्या बिलावर पडणारा हा नवा बोजा कसा हलका करायचा. त्याला दोन मार्ग आहेत. एक, गाडीसाठी स्वतंत्र वीजजोडणी. दुसरा, आहे त्याच मीटरवर छतावरचं सोलर. मी दुसरा निवडला. पहिला वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. काही घरांना तोच बरा पडेल, तेही पुढे सांगतो.

आधी हिशेब, कारण बहुतेक जण तो चुकीच्या बाजूने करतात. एकूण बिल भागिले एकूण युनिट असं करून निघालेला दर ते गाडीला लावतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवण्याचा खर्च धरून पहिले 100 युनिट साधारण सहा रुपयांना, 101 ते 300 साधारण अकराला, 301 च्या पुढे चौदा-पंधराला, आणि 500 ओलांडले की त्याहून वर. या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क, आणि त्या त्या महिन्याचा इंधन समायोजन आकार असेल तर तो वेगळा. घर आधीपासून वीज वापरतच होतं, गाडी नंतर आली. म्हणून गाडीचे युनिट कायम घराच्या युनिटांवर चढतात, आणि त्यांना सगळ्यात वरचा दर लागतो.

समजा घराचा वापर 180 युनिट आहे. गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालते. शहरातल्या टाकाळ्याहून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीला रोज जाऊन-येऊन, रविवारी पन्हाळा नाहीतर जोतिबा केलं, आणि शहरातल्या इतर फेऱ्या धरल्या की एवढं होतं. माझ्या गाडीला, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून, मीटरवरच्या एका युनिटात सव्वासहा किलोमीटर मिळतात, म्हणजे 160 युनिट. एकूण झाले 340. शुल्क धरून सरासरी काढली तर युनिटला साडेअकराच्या आसपास बसतं आणि माणूस खूश होतो. खरं म्हणजे गाडीच्या 160 पैकी 120 युनिट अकराच्या दराने गेले आणि 40 चौदा-पंधराच्या दराने. शुल्क धरून गाडीला युनिटमागे पावणेचौदा रुपये पडले, किलोमीटरला सव्वादोन. मे महिन्यात एसी चालू झाला आणि घरच 320 वर गेलं, तर गाडीचा प्रत्येक युनिट तिसऱ्या टप्प्यात जातो आणि किलोमीटरचा खर्च पावणेतीनला भिडतो. पेट्रोल गाडीचा सातएक रुपये किलोमीटर खर्च बघता हे अजूनही स्वस्तच आहे. पण शोरूममध्ये 'किलोमीटरला एक रुपया' ऐकून आलेल्या माणसाला पहिलं उन्हाळी बिल जड जातं.

माझं मन मात्र या आकड्यांनी वळवलं नाही.

गाडी आल्यावर दोन-तीन महिन्यांनी आईने माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढायला लावला. आंघोळीच्या पाण्याला गीझर नको म्हणाली, बंब पेटवते. दुपारी ती पंखा बंद करून दारात बसायला लागली. बिल तिच्या हातात यायचं, आकडा तिला दिसायचा, आणि तिच्या आयुष्यभराच्या सवयीने ती आपल्या वाटचं कमी करू लागली. मी सांगायचो की हे गाडीमुळे आहे, तू गीझर लाव. पण बिलावर गाडीचे युनिट वेगळे लिहिलेले नसतात. वरच्या टप्प्यात गेलेला युनिट गीझरचा की गाडीचा, याला बिलात उत्तर नाही. गाडी माझी आणि काटकसर आईची, हे मला सहन होईना. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसं आहेत त्यांना यातला त्रास कळेल. किलोमीटरला रुपया इकडे की तिकडे, याच्यापेक्षा मला तोच मोठा वाटला.

यावर पहिला उपाय सुचला तो वेगळ्या मीटरचा. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने ग्राहक हक्कांच्या वीज नियमांत दुरुस्ती केली. त्यानंतर गाडीच्या चार्जिंगसाठी ग्राहकाला स्वतंत्र जोडणी मागता येते. चार्जिंगच्या वर्गाला घरासारखे टप्पे नाहीत. युनिट वाढले म्हणून दर चढत नाही, आणि तो घराच्या दुसऱ्या टप्प्यापेक्षा कमी. घराचं बिल परत जुन्या जागी येतं. गाडीचा खर्च दर महिन्याला स्वतंत्र कागदावर दिसतो. गाडी कंपनीच्या कामाला लागत असेल आणि खर्च दाखवून परत घ्यायचा असेल, तर हा कागद सोन्यासारखा. अर्ज करताना आपली जोडणी कुठल्या वर्गात धरली जाणार, हे मात्र कोटेशन भरायच्या आधी तोंडी न विचारता लेखी घ्यावं. घरगुती वर्गातच राहिली तर सगळा खटाटोप फुकट.

त्याची दुसरी बाजू म्हणजे स्थिर आकार. तो मंजूर भारावर, म्हणजे जोडणी किती किलोवॉटची घेतली आहे त्यावर लागतो, गाडी चालली काय आणि उभी राहिली काय. महिन्याला तीनशे-चारशे किलोमीटर चालवणाऱ्याची दरातली बचत त्यातच जिरते. शिवाय सुरक्षा ठेव, नवी केबल, स्वतंत्र अर्थिंग, वायरमनचा टेस्ट रिपोर्ट. रात्रभर गाडी उभी राहणाऱ्या माणसाला 15 अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा, गाडीसोबत मिळणारा चार्जर पुरतो. भिंतीवरचा 7.2 किलोवॉटचा हवा असेल तर भार वाढतो, थ्री फेजचा विषय निघतो आणि स्थिर आकारही वाढतो. माझ्या मते शहरात फिरणाऱ्याला तो लागत नाही.

मी वेगळ्या मीटरच्या बाजूने जवळजवळ झुकलोच होतो. आईला समजावून सांगितलं की आता घराचं बिल वेगळं येईल, गाडीचं वेगळं. ती म्हणाली, "दोन कागद आले म्हणून पैसे कमी झाले का रे?" मी दर सांगायला लागलो, आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की तिचं खरं आहे. वेगळं मीटर महाग युनिट उचलून बाजूला ठेवतं. युनिट तेवढेच राहतात, विकत घ्यायचेच राहतात, आणि महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने पुढचा दर ठरवला की दोन्ही बिलं हलतात. आज चार्जिंगचा दर सवलतीचा आहे कारण गाड्या वाढाव्यात अशी इच्छा आहे. गाड्या वाढल्यावर ती सवलत किती दिवस राहील, हे मला ठामपणे सांगता येणार नाही.

सोलरचं गणित वेगळ्या तऱ्हेने चालतं. नेट मीटरिंगमध्ये छतावर तयार झालेले युनिट तुमच्या वापरातून वजा होतात आणि उरलेल्यावरच बिल येतं. वजाबाकी वरून होते. आधी तिसरा टप्पा जातो, मग दुसरा, आणि शिल्लक राहतो तो सहा रुपयांचा पहिला. म्हणजे सगळ्यात महाग युनिट सगळ्यात आधी कापले जातात, आणि गाडीने भरलेले तेच होते.

म्हणूनच फार मोठं सोलर घेऊ नये असं मला वाटतं. तीन किलोवॉट पुरे. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान एका किलोवॉटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीनला 78 हजार आहे. तीनच्या पुढे कितीही वाढवलं तरी 78 हजारच. अनुदानासाठी पॅनेल देशी बनावटीचं लागतं, ते कोटेशनवर लिहून घ्यावं. अनुदान वजा जाता सव्वा लाखाच्या आसपास खिशातून जातात. वर सांगितलेल्या वापराच्या घरात ते तीन-चार वर्षांत वसूल व्हावेत असा माझा अंदाज आहे. वेगळ्या मीटरने महिन्याचे काहीशे रुपये वाचले असते. दहा किलोवॉटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट त्याच फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी काढून टाकली, त्यामुळे पूर्वी ऐकलेल्या अडचणींना घाबरायचं कारण उरलेलं नाही.

कोल्हापुरात लोक पहिला प्रश्न पावसाचा विचारतात, आणि तो बरोबर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे सूर्य दिसत नाही असे आठवडे जातात. पण शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जमा धरले जातात आणि त्यांचा शेवटचा हिशेब 31 मार्चला होतो. आपल्याकडचं कडक ऊन त्यानंतर, एप्रिल-मेमध्ये येतं. एसी बेताने वापरणाऱ्याचे तेव्हाचे युनिट शिल्लक पडतात आणि ते आषाढ-श्रावणात गाडी चालवतात. दिवाळीनंतर ऊन परत चांगलं मिळतं. मार्चअखेर फार शिल्लक राहिली तर त्याचे पैसे अगदीच कमी दराने मिळतात, हे मोठं सोलर न घेण्याचं दुसरं कारण.

ज्यांचं घर साखर कारखान्याच्या वाऱ्याच्या बाजूला आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. गळीत हंगामात गच्चीवर काजळी पडते, ती पॅनेलवरही पडते. नेमकं ऊन चांगलं असतं तेव्हाच हे होतं. आठवड्याला पाणी मारता येईल अशा उंचीवर आणि कोनात पॅनेल बसवून घ्यावं. पॅनेल इतक्या उंच सांगाड्यावर टाकतात की नंतर तिथे कोणी जात नाही, हे मी बऱ्याच घरी पाहिलं आहे.

साधं सोलर वीज गेल्यावर बंद पडतं, हेही आधी माहीत असलेलं बरं. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शहरातल्या अनेक भागांची वीज बंद ठेवावी लागली होती. असा पूर परत आला तर छतावर पॅनेल असूनही गाडी चार्ज होणार नाही. वेगळ्या मीटरचीही तीच गत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी इशाऱ्याच्या खुणेकडे सरकायला लागली की गाडी पूर्ण चार्ज करून उंचावरच्या भागात नेऊन लावावी. ज्यांच्या गल्लीत पाणी येतं त्यांनी चार्जिंगचा सॉकेट 2019 च्या पाण्याच्या खुणेच्या वर बसवावा, मग मार्ग कुठलाही निवडा.

वेगळं मीटर कुणासाठी? फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी नक्कीच. गच्ची सगळ्यांची, पार्किंग खाली, आणि फ्लॅटच्या मीटरपासून गाडीपर्यंत केबल ओढायला सोसायटीची परवानगी. तिथे पार्किंगमध्ये स्वतंत्र जोडणी हाच सरळ मार्ग. नियमांनी सोसायटीला एकत्र जोडणीचाही पर्याय दिला आहे, पण चार्जिंगचे पैसे कुणी किती भरायचे यावरून सभेत होणारी भांडणं बघता ज्याची त्याची जोडणी बरी. भाड्याच्या घरात राहणाऱ्यानेही सोलरवर पैसे घालू नयेत. ज्यांच्या छतावर शेजारच्या इमारतीची सावली दहा वाजल्यापासून पडते, त्यांनाही मी सोलरचा आग्रह करणार नाही. आणि जे महिन्याला दोन हजार किलोमीटरच्या वर चालवतात त्यांना तीन किलोवॉट पुरणार नाही. त्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र तपासाव्यात. पण मग गाडी वेगळ्या मीटरवर असेल तर घराच्या मीटरवर जोडलेलं सोलर तिचे युनिट कापत नाही, हे ध्यानात घेऊन कुठली जोडणी कुठे द्यायची ते ठरवावं.

दिवसा गाडी घरी उभी असते अशांना आणखी एक फायदा आहे. ज्यांच्याकडे वेळेनुसार मोजणारं नवं मीटर बसलं आहे त्यांना जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटला 80 पैशांच्या आसपास सवलत सुरू झाली. निवृत्त माणसं, दुकानाच्या वरच राहणारे व्यापारी, यांनी चार्जिंग दुपारी लावावं. नोकरदाराला त्याचा उपयोग रविवारपुरता.

पुणे-मुंबईच्या प्रवासाला या सगळ्याचा काही संबंध नाही. महामार्गावरच्या जलद चार्जरला युनिटला वीस रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, असा हिशेब आधीच मनात धरून निघावं. माझ्यासारख्याचं असं जाणं वर्षात मोजकंच, त्यामुळे त्यावरून घरचा निर्णय बदलत नाही.

ठरवण्यापूर्वी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि फक्त युनिट लिहून घ्या. गाडीशिवायच घर बहुतेक महिने शंभराच्या आत असेल आणि गाडीही थोडीच चालणार असेल, तर दोन्हीपैकी काहीच करू नका, आहे त्या मीटरवर खुशाल चार्ज करा. घर दीडशेच्या वर असेल, छत तुमचं असेल आणि त्यावर सावली नसेल, तर मी सोलरवाल्यालाच आधी बोलावीन.