उत्तर टेक्ससचा वादळी वसंत: भोंगा, फोन, रेडिओ की रडार?

गुढीपाडव्यापासून शाळांना सुट्टी लागेपर्यंत डॅलसच्या उत्तरेकडच्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: "वादळाचं तुम्ही कशावर बघता?" नव्याने राहायला आलेले तर विचारतातच, पण ज्यांचे आई-बाबा याच दिवसांत भारतातून येतात तेही विचारतात, कारण दिवसभर घरी तेच असतात. कॉलिन काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) राहून मी यातलं जवळजवळ सगळं वापरून पाहिलंय. माझं मत आधीच सांगते. आभाळ बघायचं साधन वेगळं आणि झोपेतून उठवणारं साधन वेगळं. एकाच्या भरवशावर दुसऱ्याला फाटा दिला की घोळ होतो.

आपल्याला सवय वळवाच्या पावसाची. गारा पडायला लागल्या की वाटी घेऊन अंगणात धावायचं, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. इथे ती ऊर्मी आधी आवरायला हवी. ५ मे १९९५ ला फोर्ट वर्थमध्ये मेफेस्ट नावाची जत्रा उघड्यावर चालू होती, तिच्यावर सॉफ्टबॉलएवढ्या गारा कोसळल्या आणि शंभराच्या आसपास माणसं जखमी झाली. गार इथे वेचायची वस्तू नाही.

साधनांची तुलना करण्याआधी दोन शब्द पक्के करून घ्या, कारण सगळी गल्लत तिथेच होते. 'वॉच' म्हणजे वादळाला पोषक हवा तयार आहे, डोळे उघडे ठेवा. तो ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरकडून येतो, एका वेळी कितीतरी काउंट्यांसाठी आणि काही तासांचा असतो. 'वॉर्निंग' म्हणजे वादळ आलंय, आत्ता आडोसा घ्या. ती हवामान खात्याच्या फोर्ट वर्थ कार्यालयाकडून येते आणि २००७ पासून पूर्ण काउंटीऐवजी नकाशावरच्या एका छोट्या बहुभुजापुरती काढतात. टोर्नेडोच्या, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत गरगरत उतरणाऱ्या वावटळीच्या, वॉर्निंगनंतर हातात बहुधा दहा-एक मिनिटं असतात, कधी तेवढीही नसतात. त्यामुळे कुठलंही साधन पारखताना मी एकच विचारते: ही दहा मिनिटं मला पुरती मिळतील का?

भोंग्याचं उत्तर सरळ आहे: घरात असाल तर नाही. शहरातले भोंगे बाहेर असलेल्या लोकांसाठी बसवलेत, मैदानावरच्या, तळ्याकाठच्या. खिडक्या बंद, एसी चालू, वर धो धो पाऊस, अशा वेळी बेडरूममध्ये तो ऐकू येईल या आशेवर राहू नका. काही शहरं मोठ्या गारांसाठी आणि जोरदार वाऱ्यासाठीही तोच भोंगा वाजवतात, त्यामुळे नेमकं काय येतंय ते आवाजावरून कळत नाही. वारंवार वाजल्याने लोकांना त्याची सवय होते हे आणखी वाईट. मिसूरीतल्या जॉप्लिनमध्ये २२ मे २०११ च्या टोर्नेडोत दीडशेहून जास्त माणसं गेली. नंतरच्या चौकशीत दिसलं की पहिला भोंगा ऐकून बहुतेकांनी आडोसा घेतलाच नव्हता, आणखी काही खूण दिसते का याची वाट पाहिली होती. भोंगा ऐकू आला तर आत जा आणि दुसऱ्या साधनावर बघा. त्याहून जास्त भार त्याच्यावर टाकू नका.

फोनवर आपोआप येणारा सरकारी इशारा सगळ्यांकडे असतो, फुकट असतो आणि तुम्ही जिथे आहात तिथला असतो. महामार्गावर असताना याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. टोर्नेडोसाठी तो चांगला आहे. गारांसाठी मात्र यात एक मोठी फट आहे, आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. गार एक इंचाची, म्हणजे आवळ्याएवढी झाली की हवामान खातं तीव्र वादळाची वॉर्निंग काढतं. पण २०२१ पासून अशा वॉर्निंगचा इशारा फोनवर केव्हा येतो? गार पावणेतीन इंचाची, म्हणजे मोसंबीएवढी असेल किंवा वारा ताशी ८० मैलांचा असेल तेव्हाच. मधल्या लिंबाएवढ्या गारा गाडीची काच आणि छपराच्या पट्ट्या आरामात फोडतात, आणि फोन गप्प असतो. हरवलेल्या मुलांच्या इशाऱ्यांनी दचकायला होतं म्हणून अनेकजण सेटिंगमध्ये जाऊन सगळेच इशारे बंद करून टाकतात. तसं करू नका, प्रत्येक प्रकाराचं बटण वेगळं असतं. आणि आई-बाबांच्या भारतातल्या सिमवर हा इशारा येईलच असं धरून चालू नका.

आता हवामान रेडिओ, म्हणजे फक्त हवामान खात्याचं प्रसारण ऐकवणारा रेडिओ. मंडळाच्या कार्यक्रमात मी याचं नाव काढलं की लोकांना वाटतं, रेडिओ कसला आता! पण घरात एकच गोष्ट विकत घ्यायची असेल तर मी हीच घ्या म्हणेन. तीस-चाळीस डॉलरमध्ये मिळतो, टेबलावरच्या घड्याळाएवढा असतो, विजेवर चालतो आणि वीज गेली तर आतल्या बॅटरीवर. इंटरनेट लागत नाही, मोबाइलचा मनोरा पडला तरी फरक पडत नाही. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झच्या मध्ये सात वाहिन्या आहेत, त्यातली जवळची लावायची. मग काउंटीचा सहा आकडी कोड टाकायचा: कॉलिनचा ०४८०८५, डॅलसचा ०४८११३, डेंटनचा ०४८१२१, टॅरंटचा ०४८४३९. हे एकदा केलं की तो एरवी गप्प बसतो आणि आपल्या काउंटीची वॉर्निंग आली की कर्कश ओरडतो. आवळ्याएवढ्या गारेचीही वॉर्निंग त्यावर येते. बहुधा दर बुधवारी चाचणी होते. बुधवारी दिवा लागला नाही तर कोड किंवा वाहिनी चुकली असं समजा.

याचा तोटाही खरा आहे. वॉर्निंग बहुभुजाची असली तरी रेडिओ पूर्ण काउंटीला उठवतो. वादळ पार पूर्वेला लावोन तळ्यापाशी आणि आम्ही पश्चिमेच्या टोकाला जागे, असं आमच्याकडे झालंय. मुलं लहान असताना मी एकदा वैतागून तो काढून ठेवला होता. मग २५ मे २०२४ ची रात्र आली. आमच्या उत्तरेला कुक काउंटीत व्हॅली व्ह्यूजवळ रात्री उशिरा ईएफ-३ (ताकदीच्या शून्य ते पाच या मापावर तीन) टोर्नेडोने सात जण गेले. शनिवारची रात्र, अंधार, आभाळ बघून काही कळायची सोयच नाही. दुसऱ्या दिवशी रेडिओ परत पलंगाशेजारी आला. नको असलेल्या इशाऱ्यांसाठी उपाय आहे: बऱ्याच रेडिओंवर पुराचे वगैरे प्रकार एकेक करून बंद करता येतात. टोर्नेडो आणि तीव्र वादळ एवढे दोन चालू ठेवा.

स्थानिक टीव्हीबद्दल थोडक्यात. जागे असाल तर उत्तम, कारण ते लोक रस्त्यांची नावं घेऊन सांगतात. इंटरनेटवरून चालणारं चॅनल मात्र काही सेकंद मागे असतं आणि ऐन वेळी अडकतं. छोटा अँटेना लावला की तो प्रश्न सुटतो.

राहिलं रडार, म्हणजे सगळ्यांचं आवडतं. फुकट ॲपवरचा हिरवा-पिवळा-लाल नकाशा गुळगुळीत करून दाखवलेला असतो आणि बऱ्याचदा शिळा असतो. एकदा गारा छपरावर वाजत असताना माझ्या फोनवर ते वादळ अजून शेजारच्या गावात दिसत होतं. कोपऱ्यातली वेळ पाहिली तर चित्र आठ मिनिटांपूर्वीचं. तेव्हापासून रडार उघडलं की माझी नजर आधी वेळेकडे जाते. पैसे देऊन घ्यायचं असेल तर रडारस्कोपसारखं ॲप घ्या, त्यात हवामान खात्याच्या रडारची मूळ माहिती दिसते. पावसाच्या चित्राबरोबर वाऱ्याच्या वेगाचं चित्रही उघडायला शिका. हिरवं म्हणजे रडारकडे येणारा वारा, लाल म्हणजे दूर जाणारा. भडक हिरवा आणि भडक लाल ठिपका एकमेकांना चिकटून दिसले की तिथे हवा गरगरतेय.

पण रडारलाही जमिनीवरचं दिसत नाही. आपलं मोठं रडार फोर्ट वर्थच्या दक्षिणेला आहे, तिथून फ्रिस्को सुमारे ८० किलोमीटर. पृथ्वी गोल आणि किरण थोडा वर तिरपा, त्यामुळे फ्रिस्कोवरून जाणारा सगळ्यात खालचा किरणसुद्धा जमिनीपासून साधारण एक किलोमीटर उंच असतो. त्याच्या खाली काय चाललंय ते माणसाच्या डोळ्यांनीच कळतं. म्हणून स्कायवॉर्न नावाची स्वयंसेवकांची फळी आहे. तिचं प्रशिक्षण फुकट असतं आणि हंगामाआधी होतं. ज्यांना आभाळाची खरी ओढ आहे त्यांनी ॲपच्या आधी हे करावं, कारण मग ॲपवर काय बघायचं तेही कळतं.

आणि आधीच्या तयारीसाठी स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा वादळाच्या धोक्याचा नकाशा. मार्जिनल, स्लाइट, एनहान्स्ड, मॉडरेट, हाय अशा धोक्याच्या पाच चढत्या पायऱ्या. त्या दिवसाचा नकाशा आपल्या उन्हाळी वेळेप्रमाणे रात्री एकला येतो, मग सकाळी आठ, साडेअकरा, दुपारी तीन आणि रात्री आठला सुधारतात. मी आठचा आणि साडेअकराचा बघते. 'स्लाइट' या शब्दावर जाऊ नका, गारांनी गाड्या फुटलेले कित्येक दिवस त्याच पायरीचे होते. गाडी आत लावायची का, मुलांचा संध्याकाळचा क्लास रद्द करायचा का, हे मी यावर ठरवते. रात्री झोपायचं की जागायचं हे त्यावर ठरवत नाही, त्यासाठी रेडिओ आहे.

तर कोणी काय घ्यावं? अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहत असाल तर रेडिओ आणि फोन दोन्ही हवेत, शिवाय तळमजल्यावर कुणाकडे जायचं ते आधी बोलून ठेवा, कारण दहा मिनिटांतली तीन जिन्यातच जातात. स्वतःचं घर असेल आणि काळजी मुख्यतः छपराची, गाडीची असेल, तर रेडिओ आणि सकाळचा नकाशा. रोज लांब गाडी चालवत असाल तर फोनच. २६ डिसेंबर २०१५ ला गारलँड-रोलेटच्या टोर्नेडोत दहा जण गेले, त्यातले बरेच महामार्गावर गाडीत होते. रडारचं ॲप कोणालाही चालेल, पण हे सगळं झाल्यावर.

आई-बाबा घरी असतील तर वेगळी तयारी लागते. रेडिओवरचा यांत्रिक इंग्रजी आवाज त्यांना भराभर कळत नाही आणि तो आधी काउंटीचं नाव घेतो, गावांची नावं नंतर. इथे बहुतेक घरांना तळघर नसतं, म्हणून जागाही दाखवून ठेवावी लागते. आमच्या फ्रिजवर मी मोठ्या अक्षरांत मराठीत कागद लावलाय: "रेडिओ ओरडला आणि 'टोर्नेडो वॉर्निंग', 'कॉलिन' हे शब्द ऐकू आले की जिन्याखालच्या कपाटात जा. पायात बूट घाला, काचा असतात. मुलांची सायकलची हेल्मेटं आतच ठेवली आहेत, ती तुम्हीही घाला. मला फोन आत बसल्यावर करा."