साधी चेन की ओ-रिंग चेन: कोणता सेट किती टिकतो?

मोटरसायकलच्या मागच्या स्प्रॉकेटवरची, म्हणजे चाकाच्या दातेरी चक्रावरची, चेन अगदी मागच्या टोकाला धरून बाहेर ओढली आणि दात्याचा निम्मा भाग उघडा दिसला, तर चेन संपली असे खुशाल समजावे. त्यानंतरचा प्रश्न नव्या सेटचा (चेन आणि पुढचे-मागचे स्प्रॉकेट), कारण बऱ्याच गाड्यांसाठी आता साधा आणि ओ-रिंगचा असे दोन्ही सेट मिळतात आणि त्यांच्या किमतींतला फरक विचारात पाडण्याइतका असतो.

चेन ‘वाढली’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत, तर प्रत्येक सांध्यातील पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, एकमेकांवर घासून झिजतात. 100 ते 150 सीसीच्या बहुतेक गाड्यांना लागणाऱ्या 428 मापाच्या चेनमध्ये दोन पिनांमधील अंतर 12.7 मिलिमीटर असते, म्हणजे चेन ताणून धरून पहिल्या पिनेपासून एकविसाव्या पिनेपर्यंत मोजल्यास 254 मिलिमीटर भरायला हवेत. तेच माप 259 वर गेले की झीज सुमारे 2 टक्के झाली. सांध्यामागे जेमतेम पाव मिलिमीटर, पण तेवढ्याने चेन दात्यांवर नीट बसेनाशी होते.

साध्या चेनमध्ये या पिन-बुशपर्यंत तेल बाहेरूनच पोचवावे लागते, आणि ज्या वाटेने तेल आत जाते त्याच वाटेने पाणी आणि धूळही जाते. ओ-रिंग चेनमध्ये कारखान्यातच ग्रीस भरून दोन्ही बाजूंना रबरी कड्यांनी ते कोंडलेले असते; एक्स-रिंग हा त्याचाच सुधारित प्रकार. त्यामुळे ढोबळमानाने साधी चेन 10 ते 20 हजार किलोमीटर आणि ओ-रिंग चेन 20 ते 30 हजार किलोमीटर चालते, असे धरायला हरकत नाही.

मात्र या आकड्यांवर चेन कव्हरचा परिणाम फार मोठा असतो. पूर्ण बंद कव्हर असलेल्या रोजच्या वापराच्या गाडीत साधी चेनही, वेळच्या वेळी तेल मिळाल्यास, 20 हजारांच्या पुढे सहज जाते. उलट उघडी साधी चेन घेऊन कोकणातल्या पावसाळ्यात तांबड्या चिखलातून रोज जाणे-येणे असेल, तर एका मोसमात ती खरखरू लागते. दात्यांच्या बेचक्यांत बसलेला तो लाल लगदा तेलात मिसळला की अक्षरशः पॉलिश पेपरचे काम करतो. म्हणून माझे मत असे, की बंद कव्हरच्या गाडीला साधा सेट पुरेसा आहे आणि उघड्या चेनच्या गाडीला ओ-रिंगच घ्यावा. बंद कव्हरच्या गाडीला हौसेने ओ-रिंग बसवायची झाल्यास ती थोडी रुंद असते, हे लक्षात ठेवून कव्हरला घासत नाही ना, ते आधी पाहावे.

केवळ चेन बदलून स्प्रॉकेट जुनेच ठेवण्याची काटकसर मी एकदा केली आहे. दाते ‘अजून चालतील’ असे गॅरेजमध्ये सांगितले गेले आणि मलाही ते ऐकायचेच होते. नवी चेन काही महिन्यांतच पुन्हा ढिली पडू लागली. झिजलेला दाता हुकासारखा वाकडा होतो आणि नव्या चेनचा भार मोजक्याच दात्यांवर येतो. पुढचे स्प्रॉकेट तर आणखी लवकर जाते: पुढे 14 आणि मागे 42 दाते असतील, तर मागचे चाक एकदा फिरेपर्यंत पुढच्या प्रत्येक दात्यावर तीनदा भार येतो. पुढचे स्प्रॉकेट कव्हरखाली दडलेले असल्यामुळे ते कोणी पाहतही नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावीत.

देखभालीचा त्रास ओ-रिंगला कमी आहे, पण नाही असे नाही. बाहेरचे रोलर आणि रबरी कड्या कोरड्या पडू नयेत म्हणून साधारण 500 किलोमीटरला, आणि पावसात भिजल्यावर लगेच, लूब, म्हणजे चेनचे वंगण, लावावेच लागते. ती पेट्रोलने धुणे, तारेच्या ब्रशने घासणे किंवा सर्व्हिसिंगच्या वेळी पाण्याचा जोराचा फवारा थेट तिच्यावर मारणे म्हणजे रबर खराब करून आतले ग्रीस घालवणे होय. साध्या चेनला रॉकेलने धुऊन 90 नंबरचे गिअर ऑइल लावले तरी चालते. चेन फार ताठ ठेवू नये. त्याने चेन तर जातेच, शिवाय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवरही ताण येतो.

सेट कोणताही घेतला आणि चेनची दोन टोके जोडणारे लॉक क्लिपचे असले, तर क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला आहे, एवढे गॅरेजमधून निघण्यापूर्वी वाकून पाहून घ्यावे.