जुना पीसी, नवा लॅपटॉप आणि मधली वायर: कोणती घ्यावी?

वेंगुर्ल्याला आमच्या आतेभावाचा काजूचा कारखाना आहे. तिथला विंडोज ९८ चा पीसी अजून चालतो आणि बीच्या खरेदीचा सगळा जुना हिशेब त्यातच आहे. मे महिन्यात गडगडाट झाला, वीज टेलिफोनच्या तारेतून आत आली, मोडेमबरोबर लॅन कार्डही गेलं. हा हिशेब हलवायला नवा लॅपटॉप आणला, तर त्याला लॅनची जागाच नाही. पेनड्राइव्हसाठी ९८ ला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि फ्लॉपीचं तोंड खाऱ्या हवेने कधीच धरलंय. मग त्याचा फोन आला, "वायर जोडलंय, पण काय्येक दिसना नाय."

दोन्ही टोकांना चपटा यूएसबी असलेली साधी वायर होती ती. आधी काढायला लावली. दोन्हीकडचे पोर्ट ५ व्होल्ट बाहेर देतात, समोरासमोर जोडले तर एखादा जायचा. दोन कॉम्प्युटर जोडायच्या यूएसबी वायरीला मधोमध एक डबी असते आणि तिच्यात चिप. डबी नसेल तर ती वायर या कामाची नाही.

आता तुलना. माप म्हणून ६०० एमबी धरू, साधारण एका सीडीत मावेल एवढा माल.

सीरियल, म्हणजे दोन कॉम्प्युटर थेट जोडणारी ९ पिनांची नल मोडेम वायर, सर्वांत हळू. ११५२०० बिटांच्या वेगाने सेकंदाला ११ केबीच्या आसपास, म्हणजे ६०० एमबीला १५ तास. पावसाळ्यात आपल्याकडे सलग १५ तास लाईट राहील या भरवशावर कोणी बसू नये. पण भावाच्या हिशेबाच्या फायली भरल्या १२ एमबी. त्याला वीस मिनिटं पुरतात.

पॅरललची २५ पिनांची वायर एका वेळी ४ बिट पाठवते, म्हणून पाचेक पट वेगवान. तेवढंच काम तीनेक तासांत. विंडोज ९५ पासून एक्सपीपर्यंत दोन पीसी जोडायची विंडोजचीच सोय, डायरेक्ट केबल कनेक्शन, हीही वायर वापरायची. दोन्ही मशीन त्या काळातली असतील तर बेलाशक घ्या. एक नवं असेल तर मात्र फसाल. बाजारात मिळणारा यूएसबी-पॅरलल कन्व्हर्टर फक्त प्रिंटरशी बोलतो, त्यावर ही वायर चालत नाही. यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर मात्र नव्या लॅपटॉपवर छान चालतो, म्हणून या भांडणात हळू गडीच पुढे जातो.

डबीवाल्या यूएसबी वायरीच्या खोक्यावर ४८० मेगाबिट लिहिलेलं असतं. जुन्या पीसीचा यूएसबी १२ मेगाबिटांचाच, तेव्हा सेकंदाला एक एमबीही मिळत नाही. तरी पाव तासात काम होतं. अडचण ड्रायव्हरची: ९८ ला चालणारा हवा, आणि तो पुन्हा सीडीवरून घालायचा. दोन्ही मशीन नवी असतील आणि दोघांनाही थंडरबोल्ट (नव्या मशीनवरचा जलद पोर्ट) असेल, तर त्याची एक वायर लावली की थेट नेटवर्क तयार. फायरवायर, म्हणजे तसाच एक जुना पोर्ट, एक्सपीपर्यंत ठीक होतं, आता विसरा.

डिस्क काढून यूएसबी कन्व्हर्टरला लावणं सर्वांत जलद. नवं विंडोज जुनी डिस्क सरळ वाचतं. फोटो-बिटो असतील तर मी हेच करीन. पण हिशेबाची दुसरी प्रत नसताना, इतकी वर्षं जागच्या जागी फिरलेली डिस्क हलवायला माझा हात धजत नाही.

भावाला सीरियलच सांगितली. दुकानात नुसती "सीरियल केबल" मागितली की मोडेमची सरळ वायर हातात येते, म्हणून मल्टिमीटर लावून बघायचं: एका टोकाची २ नंबरची पिन दुसऱ्या टोकाच्या ३ ला वाजली पाहिजे, ३ ची २ ला, आणि ५ ची ५ ला. पीसीच्या पिना हिरवट पडल्या होत्या, त्या कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसल्या. जांभ्यावर अर्थिंग धड लागत नाही, त्यामुळे दोन्ही मशीन एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यायची आणि वायर दोन्ही बंद असताना जोडायची. पुढचं सोपं. सीरियलवरून बोलणारे प्रोग्राम उघडायचे, ९८ वर हायपरटर्मिनल, लॅपटॉपवर टेरा टर्म, आणि दोन्हीकडे वेग सारखा ठेवून झेडमोडेम या फाईल पाठवायच्या पद्धतीने एकेक फाईल पाठवायची.

फायली आल्या, उघडल्या, आणि गिऱ्हाइकांची नावं किडामुंगी. जुना मराठी फॉन्ट पीसीतच राहिला होता. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तोही आणावा लागतो. दोन एमबीचासुद्धा नसतो, सीरियलवरून तीन मिनिटांचं काम.