ठासणीच्या बंदुकीची नळी: रॉकेल, उकळतं पाणी की कोमट?

शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक, म्हणजे दारू-गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायची बंदूक, कोकणात अजून बऱ्याच घरांत आहे. डुकरं हाकलायला दोन बार काढले तरी नळीच्या तळाशी काळं कीट धरतं आणि ते कशानं काढायचं यावर एकमत नाही. कुणी रॉकेल ओततं, कुणी उकळतं पाणी, कुणी साधं कोमट. तिन्ही वापरून पाहिल्यावर माझा कल एकीकडे झुकला आहे, तरी बाकीच्या दोघांना मी अगदीच बाद करणार नाही.

आधी कीट कशाचं आहे ते पाहू, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. बंदुकीच्या काळ्या दारूत साधारण 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असतं. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त वजनाचे घन पदार्थ तयार होतात. थोडे धुरातून जातात, उरलेले नळीला चिकटतात. त्यात मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. जूनमध्ये संध्याकाळी उडवलेली बंदूक तशीच खुंटीला टांगली, तर सकाळी नळीत ओलसर लगदा सापडतो. गंज तिथूनच सुरू होतो.

हे क्षार पाण्यात विरघळतात, रॉकेलमध्ये नाही. रॉकेलचं फडकं काळंकुट्ट निघतं, तिसरं-चौथं बऱ्यापैकी स्वच्छ येतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात काजळी आणि चरबी निघालेली असते. क्षार तेलकट थराखाली तसेच राहतात. त्यावर पुढचा बार काढला की डांबरासारखा चिवट थर बसतो. घोडा, चाप, कळीचे भाग पुसायला रॉकेल उत्तम. निपल, म्हणजे ठिणगी देणारी टोपी ज्यावर बसते तो नळीच्या तळाचा पोकळ तुकडा, अडकला असेल तर त्याच्या आट्यांत रात्रभर मुरवायलाही चालतं. नळीसाठी मात्र मी ते सुचवणार नाही.

खरी निवड उकळतं की कोमट, ही आहे. उकळत्या पाण्याची बाजू भक्कम आहे. दारूवर चरबी लावलेला बोळा ठासत असाल तर त्याचा मेणचट थर ते पटकन सोडवतं. नळी इतकी तापते की पाणी आपोआप उडून जातं. जुनी माणसं हीच पद्धत सांगतात आणि त्यांच्या बंदुका टिकल्या आहेत, हे नाकारता येत नाही.

पण एका गोष्टीनं माझं मन तिच्यावरून उडालं. पाणी ओतून नळी रिकामी केली, ती कोरडी दिसली, म्हणून पांढरं फडकं फिरवलं, तर ते तांबूस निघतं. कीट गेलेलं असतं, पण उघडं पडलेलं गरम लोखंड, वाफ आणि हवा एकत्र आल्यावर काही मिनिटांत गंजाची पातळ साय धरते. तेल लगेच घालावं, तर नळी हातात धरवत नाही आणि तापलेल्या नळीत तेल पातळ होऊन सगळं तळाशी उतरतं. दर वेळी फडकं पांढरं निघेपर्यंत पुन्हा घासा, पुन्हा तेल लावा. तुमच्याकडे हवा कोरडी असेल आणि हात झपाट्याचा असेल, तर कदाचित हा त्रास होणारही नाही. कोकणातल्या दमट हवेत तो मला चुकला नाही.

कोमट पाण्यानं हा त्रास जवळजवळ थांबतो. बंदूक रिकामी आहे ना, हे गज (ठासायची सळई) तळापर्यंत आत सोडून आणि मग तेवढीच लांबी नळीच्या बाहेरून मापून आधी पाहावं. निपल चावीनं काढून वेगळं भिजवावं. नळी दस्त्यापासून सुटत असेल तर तळाकडचं टोक बादलीत बुडवावं. हाताला सहज सोसेल असं एक-दोन लिटर पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब पुरतात. गजाला घट्ट फडकं लावून वरखाली ओढलं की निपलच्या भोकातून पाणी पंपासारखं आत-बाहेर होतं. बारा बोअरच्या नळीला साधारण 7 सेंटिमीटरचा सुती चौकोन लागतो. पहिलं पाणी शाईसारखं येतं आणि कुजलेल्या अंड्याचा वास सुटतो. तो गंधकाचा. वास गेला आणि पाणी नितळ आलं की शेवटी साबण नसलेलं पाणी फिरवावं. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या विहिरीचं पाणी इथे नको, पावसाचं साठवलेलं चांगलं.

नळी सुटत नसेल तर निपलच्या जागी रबरी नळी बसवून पाणी बाहेर काढावं, नाहीतर ते लाकडात मुरतं.

तळाशी कडक खडा बसला असेल तर घाई करू नये. भोकात लाकडी काडी ठोकून नळी पाण्यानं भरावी, 20 मिनिटं उभी ठेवावी आणि मग पितळी ब्रश चालवावा. लोखंडी तारेचा ब्रश नकोच. काही बंदुकांत दारू बसते तो तळाचा कप्पा नळीपेक्षा अरुंद असतो. तिथे मोठा ब्रश घुसवला की तार उलटी फिरत नाही आणि तो अडकतो. जोरानं उपसू नका, गज घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवत बाहेर घ्या.

कोमट पाण्याची उणीव म्हणजे नळी आपोआप सुकत नाही. चार-पाच कोरडी फडकी, मग ओल हटवणारा स्प्रे, तो पुसून मशीनचं पातळ तेल, एवढं करावंच लागतं. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि पुढे खवट होतं. निपलच्या आट्यांना ग्रीस लावावं. पहिली रात्र तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे जादा तेल तळात साचत नाही. पुढच्या वेळी ठासण्याआधी हे तेल पुसून काढा, नुसत्या टोप्या उडवून वाट मोकळी करा.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करावी लागली, तर त्याआधी हे सगळं दोनदा करावं. एरवी दुसऱ्या दिवशी एक कोरडं फडकं फिरवलं की पुरे. तांबूस आलं तर ओल राहिली, म्हणून पुसून तेल द्या. काळं आलं तर कीट राहिलं, बादली पुन्हा भरा.