फिनिश, कंप्लीट की एंड? काम संपल्याचं इंग्रजीत कसं सांगायचं

माझी एक जुनी विद्यार्थिनी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. मागच्या हिवाळ्यात तिने लंडनच्या क्लायंटला संध्याकाळी एका ओळीचा मेल पाठवला: ‘वी हॅव एंडेड द टेस्टिंग.’ तिला म्हणायचं होतं, टेस्टिंग झालं, काही बाकी नाही. अर्ध्या तासात तिकडून फोन आला. टेस्टिंग मध्येच का थांबवलंत? काही बिघडलंय का? दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, “सर, एंड म्हणजे संपवणंच ना?”

शब्दकोशात पाहिलं तर हो. फिनिश, कंप्लीट आणि एंड या तिन्हींसमोर ‘संपवणे’ सापडतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पण याच तिन्ही गोष्टी आपण मराठीत रोज वेगवेगळ्या बोलतो. दोरीला टोक असतं. फॉर्म भरतो. काम हातावेगळं करतो. एंड म्हणजे टोक, कंप्लीट म्हणजे भरणं, फिनिश म्हणजे हातावेगळं करणं. इंग्रजी शब्द निवडण्याआधी यातलं आपल्याला नेमकं काय म्हणायचंय, ते मराठीत ठरवावं. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा तेवढ्यावर काम भागतं.

आधी एंड. हा इंग्रजीचा जुना, घरचा शब्द, आणि आपल्या ‘अंत’चा दूरचा भाऊ, दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळातून आलेत. इथून पुढे ही गोष्ट नाही, एवढंच तो सांगतो. ती नीट झाली का, हेतू साधला का, यावर तो काही बोलत नाही. रस्ता, महिना, पाऊस, लग्न, युद्ध या सगळ्यांना एंड चालतो. दुसरं महायुद्ध 1945 मध्ये ‘एंडेड’. ते ‘कंप्लीटेड’ म्हटलं तर कुणीतरी ठरवून घेतलेलं काम तडीला गेलं असा अर्थ होईल. त्याच युद्धात इजिप्तमधल्या एल अलामीनच्या लढाईतल्या विजयानंतर, नोव्हेंबर 1942 मध्ये, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल म्हणाले होते की हा शेवट नाही, शेवटाची सुरुवातही नाही. पण कदाचित सुरुवातीचा शेवट असेल. ते सगळं वाक्य ‘एंड’ या शब्दावर उभं आहे. त्या जागी फिनिश घालून पाहा, वाक्य कोसळतं, कारण तिथे टोकच दाखवायचं आहे.

म्हणून एंडचे वाक्प्रचारही टोकांचे. ‘डेड एंड’ म्हणजे पुढे वाट नसलेली गल्ली. ‘लूज एंड्स’ म्हणजे सुटी राहिलेली टोकं, बारीकसारीक बाकी कामं. ‘मेक एंड्स मीट’ला मराठीत चपखल शब्द आहे: तोंडमिळवणी. पगार आणि महिना यांची दोन टोकं जुळवायची, तिकडेही आणि इकडेही. ‘ॲट माय विट्स एंड’ म्हणजे डोकं चालेनासं झालंय. आणि एंडचा एक अर्थ ‘साध्य’ असाही आहे. आपण साध्य-साधनविवेक म्हणतो, त्यातलं साध्य म्हणजे एंड आणि साधन म्हणजे मीन्स.

एक चूक मात्र फार दिसते. ‘ॲट दी एंड’ म्हणजे अमुक गोष्टीच्या शेवटी: महिन्याच्या, पिक्चरच्या, गल्लीच्या. ‘इन दी एंड’ म्हणजे अखेर, सरतेशेवटी, बरीच उलथापालथ झाल्यावर. “सरतेशेवटी आम्ही गाडी विकली” याला ‘इन दी एंड’च हवं.

कंप्लीटची गोष्ट मला सगळ्यांत गोड वाटते. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाचा अर्थ ‘भरणे’, आणि तो धातू ‘पूर्ण’च्या धातूचा सगा भाऊ. इंग्लंडमधल्या सरकारी अर्जावर ‘प्लीज कंप्लीट द फॉर्म’ असतं, आपण ‘फॉर्म भरा’ म्हणतो. दोन भाषा हजारो वर्षं वेगवेगळ्या चालत आल्या आणि एकाच रकान्यापाशी भेटल्या! कंप्लीटमध्ये प्रश्न नेहमी एकच असतो: काही भरायचं राहिलंय का? सगळे तुकडे, सगळी कागदपत्रं, सगळे मजले आहेत का? आपल्याकडे इमारतीला पूर्णत्वाचा दाखला लागतो तो याच अर्थाने. गवंडी निघून गेले म्हणून तो मिळत नाही; मंजूर नकाशातलं सगळं जागेवर असावं लागतं. इंग्लंडमध्ये घर घेताना पैसे पोचून किल्ल्या हातात पडतात, त्या दिवसाला ‘कंप्लिशन’ म्हणतात. ‘कंप्लीट वर्क्स’ म्हणजे समग्र वाङ्मय. ‘कंप्लीट स्ट्रेंजर’ म्हणजे साफ अनोळखी, ओळखीचा कणसुद्धा नसलेला.

कंप्लीट की फिनिश असा पेच पडला तर उलटे शब्द घेऊन बघावेत. ‘इन्कंप्लीट’ म्हणजे तुकडा कमी आहे. ‘अनफिनिश्ड’ म्हणजे हात मध्येच निघाला. पत्त्यांच्या कॅटमध्ये बदामची राणी नाही, तो कॅट इन्कंप्लीट. अर्धं विणून टोपलीत पडलेलं स्वेटर अनफिनिश्ड. ऑस्ट्रियाचा संगीतकार शूबर्टने 1822 मध्ये एक सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लिहायला घेतली, दोन भाग पुरे केले, तिसऱ्याचा कच्चा आराखडा केला आणि ती बाजूला ठेवली. त्यानंतर तो सहा वर्षं जगला, पण ती तशीच राहिली. इंग्रजीत तिला ‘अनफिनिश्ड’ म्हणतात. पानं हरवली असती तर ‘इन्कंप्लीट’ शोभलं असतं; इथे करणाऱ्याचा हात थांबला होता.

म्हणजे फिनिशमध्ये कुणाचा तरी हात असतो. त्याचं लॅटिन मूळ ‘सीमा’ या अर्थाचं. दंडाला इंग्रजीत जो ‘फाइन’ शब्द आहे तो आणि ‘फायनान्स’ही त्याच मुळातले, कारण देणं चुकतं करून प्रकरण मिटवणं हाही शेवटच. फेब्रुवारी 1941 मध्ये चर्चिलनी अमेरिकेला उद्देशून सांगितलं: आम्हाला हत्यारं द्या, काम आम्ही फिनिश करतो. तिथे एंड म्हटलं असतं तर काम सोडून देण्यासारखं झालं असतं. कंप्लीट व्याकरणाने चाललं असतं, पण कारकुनी वाटलं असतं. फिनिशमध्ये बाह्या सरसावलेल्या दिसतात.

व्याकरणातही हा हात दिसतो. फिनिशच्या पुढे क्रिया सहज येते: ‘आय फिनिश्ड रीडिंग’, ‘फिनिश्ड कुकिंग’. ‘फिनिश टू रीड’ मात्र चुकीचं. कंप्लीट आणि एंड यांना क्रियेपेक्षा नाम मानवतं: कोर्स कंप्लीट करा, मीटिंग एंड करा.

आणि फिनिशिंग! हा शब्द आपल्या सुतारांनी, शिंप्यांनी, रंगाऱ्यांनी केव्हाच आपला केलाय. पेणच्या एका गणपती कारखान्यात मी श्रावणात तासभर बसलो होतो. एक मुलगा साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या जोडावरून पॉलिशपेपर फिरवत होता. मध्येच अंगठ्याची कड सोंडेवरून खालपर्यंत न्यायचा, जरा खरखर लागली की परत कागद. “फिनिशिंग आलं नाही तर रंग बोलत नाही,” तो म्हणाला. पलीकडे आखणी करणारे काका बसले होते. बारीक ब्रश, श्वास रोखलेला, आणि बुबुळ उतरलं. मूर्तीचे सगळे अवयव सकाळपासून होते, म्हणजे ती कंप्लीट होतीच; पण फिनिश झाली ती त्या क्षणी. इंग्रजीतल्या ‘फिनिशिंग टच’ला आपण ‘शेवटचा हात’ म्हणतो, आणि रंगाच्या थरालाही ‘हात’च म्हणतो. ‘मॅट फिनिश’, ‘ग्लॉसी फिनिश’ याच घरातले. कारखान्याच्या हिशेबात ‘फिनिश्ड गुड्स’ म्हणजे तयार माल.

फिनिशला ऑफ, अप, विथ असा छोटा शब्द जोडला की अर्थ पालटतो. ‘फिनिश ऑफ’ म्हणजे उरलेलं फस्त करणं, किंवा एखाद्याचा निकाल लावणं. संदर्भ बघूनच वापरावं. ‘फिनिश अप’ म्हणजे फिरत फिरत कुठेतरी जाऊन पोचणं. त्याच अर्थी ‘एंड अप’ जास्त ऐकू येतं. ‘फिनिश विथ’ माणसाबद्दल आलं तर संबंध तोडणं. ‘फोटो फिनिश’ शर्यतीतला, इतकी अटीतटी की निकाल फोटो बघून द्यावा लागतो.

सगळ्यांत जपायचं ते माणूस कर्ता असताना. ‘आय हॅव फिनिश्ड’ म्हणजे माझं झालं. ‘आय ॲम फिनिश्ड’ने तेही सांगता येतं, पण त्याचा दुसरा अर्थ मी संपलो, माझं काही उरलं नाही. पहिलंच वापरावं. तसंच ‘साखर संपली’चं आपण करतो ते ‘शुगर इज फिनिश्ड’. भारतात सगळ्यांना कळतं, लंडनमध्येही कळेल, पण तिथले लोक म्हणतील ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’. खरं तर संपण्याचा शब्द जपून वापरायची सवय आपल्याला घरातूनच असते. माझी आजी तांदूळ ‘संपले’ असं कधी म्हणाली नाही. तांदूळ ‘वाढले’, बांगडी ‘वाढवली’, दिवा ‘शांत केला’.

तरी दर वेळी मराठीतलं ‘संपलं’ म्हणजे फिनिश, असं धरू नका. योहानाच्या शुभवर्तमानात येशू वधस्तंभावर प्राण सोडताना जे म्हणतो ते 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘इट इज फिनिश्ड’ आहे. मराठी बायबलमध्ये मात्र ‘पूर्ण झाले आहे’. मूळ ग्रीक शब्दात संपणं आणि सिद्धीला जाणं दोन्ही आहे. इंग्रजी अनुवादकांनी हातावेगळं झाल्याचा शब्द घेतला, मराठी अनुवादकांनी भरण्याचा. मला मराठी निवड जास्त भावते. ‘संपले’ लिहिलं असतं तर ते हरलेल्या माणसाचं वाक्य झालं असतं.

मग रोजच्या लिखाणात काय घ्यायचं? प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये, बायोडेटात, सरकारी कागदात कंप्लीट. समोरच्याला तिथे काही बाकी नाही ना एवढंच बघायचं असतं. फक्त ‘कंप्लीटेड माय ग्रॅज्युएशन’ लिहू नका, ‘ग्रॅज्युएटेड’ पुरेसं आहे. बोलताना, सहकाऱ्याला निरोप देताना फिनिश. मुदत, करार, सुट्टी, मीटिंग यांना एंड. भाषणाच्या किंवा चौकशीच्या समारोपाला कन्क्लूड, आणि रोजच्या मेलमध्ये तो नकोच. मित्राला व्हॉट्सॲपवर ‘डन’. आपलं ‘झालं’ तेच.

विद्यार्थिनीचा मेल आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिला. टेस्टिंग ‘कंप्लीट’ आहे, शेवटची फेरी आज संध्याकाळी ‘फिनिश’ केली, आणि करार शुक्रवारी ‘एंड’ होतो. “तिन्ही एकाच मेलमध्ये?” तिने विचारलं. म्हटलं, तिन्ही गोष्टी वेगळ्याच आहेत ना, पाठव.