पारेषण वाहिनीबाबतची हरकत: योजना, परवाना की वीजदर सुनावणी?

एखाद्या औद्योगिक संघटनेला, ग्राहक संस्थेला किंवा ग्रामपंचायतीला नियोजित पारेषण वाहिनीबद्दल, म्हणजे वीज दूरवर वाहून नेणाऱ्या उच्चदाब वाहिनीबद्दल, काही म्हणायचे असेल, तर महाराष्ट्रात त्यासाठी तीन टप्पे उपलब्ध आहेत. आक्षेप नेमका कशाला आहे, गरजेला की खर्चाला, यावरून टप्पा निवडावा.

पहिला टप्पा योजनेचा. राज्यात कोणत्या वाहिन्या उभारायच्या याची योजना महापारेषण ही सरकारी कंपनी राज्य पारेषण यंत्रणा या नात्याने आखते. तिने कोणाशी समन्वय साधावा हे विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 39 मध्ये दिले आहे. त्या यादीत वीजनिर्मिती कंपन्या, परवानाधारक आणि राज्य सरकार आहेत, सामान्य ग्राहकाचा स्वतंत्र उल्लेख मात्र नाही. त्यामुळे येथे दिलेल्या निवेदनाला उत्तर मिळेलच असे नाही. तरीही वाहिनीची गरज, तिची क्षमता किंवा पर्यायी उपकेंद्र यांविषयी बोलायचे असेल, तर निर्णय खरोखर बदलू शकेल अशी हीच वेळ असते, आणि म्हणून निवेदनाची प्रत महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगालाही (परवाने देणारी व वीजदर ठरवणारी संस्था) पाठवून पोच जपून ठेवावी.

दुसरा टप्पा परवान्याचा, म्हणजे वाहिनी उभारू पाहणारी कंपनी आयोगाकडे पारेषण परवाना मागते तेव्हाचा. कलम 15 प्रमाणे अर्जदाराने अर्ज केल्यापासून सात दिवसांत जाहीर सूचना द्यावी लागते, आणि त्या सूचनेपासून 30 दिवसांत आलेल्या हरकती विचारात घेतल्याशिवाय आयोगाला परवाना देता येत नाही. उशिरा आलेली हरकत विचारातच घेतली जात नाही. पहिल्या टप्प्यावर दिलेले आणि अनुत्तरित राहिलेले निवेदन येथे पुरावा म्हणून जोडता येते. अर्जावर राज्य पारेषण यंत्रणेची शिफारस येते, पण ती आयोगावर बंधनकारक नसते, ही बाब हरकतदाराने आवर्जून लक्षात ठेवावी.

तिसरा टप्पा वीजदर याचिकेवरील जाहीर सुनावणीचा. बहुतेक संस्थांना हाच परिचित असतो, कारण प्राधिकृत ग्राहक प्रतिनिधी येथे नियमित बाजू मांडतात आणि वर्तमानपत्रांतूनही याचीच चर्चा होते. रखडलेल्या कामाचा वाढीव खर्च किंवा अत्यल्प वापराचे उपकेंद्र यांसारखे मुद्दे येथे उपयोगी पडतात, कारण पारेषण आकार, म्हणजे वाहिन्यांच्या वापराचे शुल्क, वितरण कंपन्यांमार्फत शेवटी ग्राहकाच्या बिलातच उतरतो. परंतु वाहिनी स्पर्धात्मक निविदेने दिलेली असेल, तर कलम 63 नुसार आयोग निविदेची पारदर्शकता तपासून तो दर स्वीकारतो. खर्चाची नव्याने छाननी होत नाही. अशा वाहिन्यांचा परवाना अर्जही सहसा निविदेनंतरच येतो, म्हणून त्यांच्या बाबतीत योजनेचा टप्पा हुकवणे सर्वांत महाग पडते.

माझ्या मते गरजेचा प्रश्न असेल तर पहिले दोन्ही टप्पे मिळून वापरावेत आणि सुनावणी खर्चाच्या प्रश्नासाठी राखून ठेवावी. त्याच वेळी, 12 ऑक्टोबर 2020 रोजी पारेषण वाहिन्या बंद पडून मुंबई अंधारात गेली होती हे विसरून केवळ विरोधासाठी विरोध करू नये. हरकतीत पर्याय सुचवलेला असावा.

आंतरराज्य वाहिनी असेल तर दाद केंद्रीय आयोगाकडे मागावी लागते, आणि मनोऱ्याखालील जमिनीच्या मोबदल्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. आयोगाचा आदेश मान्य नसल्यास विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे 45 दिवसांत अपील करता येते. त्यासाठी लेखी हरकत आधी अभिलेखावर आलेली असणे मोलाचे ठरते.